गोणपाटाखालची संगीन

परळ, मुंबई
शनिवार, ४ फेब्रुवारी १९५६

सीताराम,

रविवार, ८ जानेवारी १९५६, सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटं. ही वेळ तू दिलेली आहे. सात पंचवीसला तू माझ्या दारात उभा राहिलास, एका हाताने कुशाबा तावडेला सावरत आणि दुसऱ्या हाताने त्याच्या बरगडीवर तुझा मफलर दाबून. मी विचारलं, कधी लागलं? तू म्हणालास, "झिरो सिक्स फिफ्टी." अकरा वर्षांनी भाऊ बहिणीशी बोलला तो हे बोलला. म्हणजे पस्तीस मिनिटं त्या माणसाचं रक्त वाहत होतं, आणि शिवडीहून येताना तू व्हिक्टोरियाचा घोडा त्या इस्पितळाच्या फाटकावरून पुढे हाकायला लावलास, जिथे रविवारी सकाळीसुद्धा दोन डॉक्टर कामावर असतात. मी तिथे मेट्रन होते. मला विचारू नकोस कसं ठाऊक.

"आक्का, इस्पितळात नको. पोलीस केस होईल."

मी त्याला आत घेतलं. तुला ये म्हटल्याचं मला आठवत नाही, पण तू आलास.

पुढचं सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण हे पत्र पुढेमागे तिसऱ्या कोणाला वाचावं लागलं तर त्याला समजलं पाहिजे. जखम डाव्या काखेखाली चार बोटं, बरगडीवरून घसरत पाठीकडे गेलेली, पाच इंच लांब. धार आणखी बोटभर आत वळली असती तर फुप्फुस फाटलं असतं. मी टोपात सुया उकळल्या, जेवणाच्या टेबलावर मेणकापड घातलं आणि अकरा टाके घातले. बधिर करायला घरात काही नव्हतं. त्याने टॉवेल दातांत धरला होता. मधेच तो काढून म्हणाला, "बाई, टेबलाला डाग पडंल तुमच्या."

मी म्हटलं, "हललास तर टेबलालासुद्धा टाका घालीन."

तो हसला आणि टाका ओढला गेला. तू त्या वेळी खिडकीचा पडदा बोटाने बाजूला करून रस्ता न्याहाळत होतास.

मग मी तुझ्याकडून काढून घेतलं काय झालं ते. नोव्हेंबरात गोळीबार झाल्यापासून तू लालबागच्या तुमच्या चाळींतल्या पंधरा माणसांचं पथक केलं होतंस. सगळी गिरणीतली, त्यातली निम्मी बायकापोरांची. रविवारी सकाळी शिवडीच्या खाडीकाठी बंद पडलेल्या गोदामाच्या आवारात त्यांना हातघाई शिकवत होतास. पाच लाठ्या, प्रत्येकीच्या टोकाला गोणपाट गुंडाळलेलं. चारांच्या आत बांबूचं बोथट टोक. पाचवीच्या आत तू ब्रह्मदेशातून आणलेली तुझी संगीन, म्यानाशिवाय. कोणती कुठली ते कोणी बघायचं नाही. ढिगातून हाताला येईल ती उचलायची आणि समोरच्यावर चालून जायचं. उघडी कोणाची हे कोणालाच माहीत नसलं की सगळे जिवावर उदार होऊन लढतात, असं तू मला समजावून सांगितलंस. मी तेव्हा दहावा टाका घालत होते.

आठ तारखेला तू स्वतः कुशाबासमोर उभा राहिलास आणि ती पाचवी तुझ्या हाती होती.

आता पुढचं. मुंबई केंद्राकडे देण्याची बातमी आली, शहर पेटलं, संचारबंदी लागली. मंगळवार १७ जानेवारीला दुपारी साडेचारला लालबागच्या नाक्यावर कोणीतरी एका शिपायाच्या खांद्यात लोखंडी कांब घातली. त्याचं हाड मोडलं. एकोणीसला चाळींची झडती झाली, कुशाबाचा सदरा वर केला गेला, आणि पोलिसांनी ठरवलं की त्या झटापटीत शिपायाची संगीन लागून झालेली जखम ती हीच. तपासणाऱ्या डॉक्टरने 'अलीकडची जखम' असं लिहिलं. अलीकडची म्हणजे दोन दिवसांची की अकरा, हे त्याच्या कागदावर नाही. आता जखम भरली आहे, कोणालाही सांगता येणार नाही.

सतरा तारखेला साडेचारला कुशाबा माझ्या खुर्चीवर बसला होता आणि मी त्याचे टाके काढत होते. नववा दिवस होता. संचारबंदीत गल्लीबोळांतून आला, कारण मी त्याला सांगितलं होतं की नवव्या दिवशी आला नाहीस तर मी तुझ्या घरी येऊन चार माणसांत काढीन. तू दारात उभा होतास. तुझ्यासमोर मी तो अकरावा धागा बशीत टाकला.

खटला सोमवारी, ५ मार्चला उभा राहतोय. सरकारी नोकरावर प्राणघातक हल्ला. त्याचे वकील हेमचंद्र म्हणतात, सात वर्षं होतील. त्याची धाकटी दीड वर्षाची आहे.

तू वीस तारखेच्या बोटीने गावी गेलास, गिरणीत आजारी रजेची चिठ्ठी टाकून. पहाऱ्याचा जमादार आजारी पडला म्हणून गिरणी बंद पडत नाही, पण तू आजारी नाहीस. ये. हेमचंद्रांना भेट. जखम कधी, कुठे, कोणाच्या हातून झाली ते त्यांच्यासमोर लिहून दे.

ललिता


सोमवार, १३ फेब्रुवारी १९५६

सीताराम,

तुझं पोस्टकार्ड शनिवारी मिळालं. जी गोष्ट पोलिसांपासून लपवायची ती तू पोस्टमनला वाचायला दिलीस. नावं घातली नाहीस तेवढं बरं केलंस. इथे उतरवून ठेवते: "आक्कास सा. न. एक आत राहिल्याने चौदा बाहेर राहतात. त्याला हे मान्य आहे. छावणीत तू समजून घेतलंस तसं आताही घे. आंब्याला मोहोर चांगला आला आहे."

मोहोराबद्दल आनंद वाटला.

चौदांचं आधी. पथकाचं नाव निघालं तर सगळ्यांवर शस्त्रं बाळगल्याचा आरोप येईल, हे तुझं म्हणणं. येईल कदाचित. पण शस्त्र एकच होतं आणि ते तुझं होतं. बाकी चार लाठ्यांत नुसता बांबू होता. मी हेमचंद्रांना नाव न घेता विचारलं, ते म्हणाले, "बांबू बाळगल्याबद्दल आत घालायचं तर अर्धं परळ रिकामं करावं लागेल." तेव्हा चौदांच्या आडोशाला उभा राहू नकोस. तिथे तू एकटाच आहेस.

आणि मला चळवळीचं सांगू नकोस. मुंबई महाराष्ट्राची हे मी छातीवर बिल्ला लावून सभांना जाऊन सांगितलं आहे, सत्तावन्नाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी. त्या सभांत मला मोर्च्याला या म्हणून सांगितलं, तुरुंगात जायची तयारी ठेवा म्हणून सांगितलं. रविवारी सकाळी शिवडीला या आणि एकमेकांची बरगडी चिरा, असं कोणी सांगितलेलं मी ऐकलं नाही.

आता तुझं शिकवणं. ते सगळंच खोटं होतं असं मी म्हणत नाही, आणि मी तसं म्हणते असं तू मनात धरून बसला आहेस म्हणून लिहिते. बेचाळीस साली तू ब्रह्मदेशातून चालत आलास. पायाच्या नखांपैकी तीन उरली होती. मी तुझ्या खाटेशी बसले होते तेव्हा तू बोललास. गवताच्या पोत्यांत संगीन खुपसून शिकलेली तुझी माणसं खऱ्या माणसासमोर आली आणि थबकली. अर्धा श्वास, तू म्हणालास. "पोत्याला डोळे नसतात, आक्का. त्यांना कोणी डोळे दाखवलेच नव्हते." त्या अर्ध्या श्वासात गेलेल्या बाराजणांची नावं तू मला ओळीने सांगितलीस. ती नावं मी अजून सांगू शकते.

म्हणून पुढे छावणीत शिकवायला लागलास तेव्हा तू पोत्यांत कत्तलखान्यातून आणलेली आतडी भरलीस. चिखलातून सरपटणाऱ्यांच्या डोक्यावरून खऱ्या गोळ्या सोडायला लावल्यास. तुझ्या कॅप्टनसाहेबाने अहवालात 'रिअ‍ॅलिझम' असा शब्द लिहिला आणि तू तो मला दाखवायला, मी नर्स होते त्या इस्पितळाच्या तंबूत आलास, शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलासारखा. गोणपाटाचा खेळ त्यानंतरचा. तो साहेबाचा नव्हता, कुठल्या पुस्तकातलाही नव्हता. तो तुझा होता.

छावणीत निदान समोर जपानी यायचा होता. लालबागच्या नाक्यावर समोर कोण यायचा होता, सीताराम? रत्नागिरीचाच कोणीतरी शिपाई, ज्याची बायको कुशाबाच्या बायकोबरोबर, चंपाबरोबर, एकाच नळावर पाणी भरते. त्याच्या डोळ्यांसमोर थबकायचं नाही हे तू त्यांना शिकवत होतास. मला तर वाटतं त्याच्यासमोर माणूस थबकला पाहिजे.

एक गोष्ट मला तुझं कार्ड आल्यापासून स्वस्थ बसू देत नाही. काल मी घरातली काठी घेतली, तिच्या टोकाला पोतेरं गुंडाळलं. मग ते काढून तिथे माझी भाजी चिरायची सुरी बांधली आणि पुन्हा गुंडाळलं. शेजारच्या बकुळाबाईंना वाटलं मला वेड लागलं. दोन्ही वेळा डोळे मिटून उचलून पाहिली. सीताराम, फरक कळतो. माझ्या हाताला कळतो, ज्या हाताने आयुष्यात थर्मामीटरपेक्षा जड काही चालवलं नाही. बारा वर्षं संगीन खेळवलेल्या माणसाला बांबू आणि लोखंड यांच्या वजनातला फरक कळला नाही, हे तू दुसऱ्या कोणाला सांग.

तुला कळलं होतं. उचलल्याबरोबर कळलं होतं आणि तू ती खाली ठेवली नाहीस. का, ते मला हवं आहे. दरारा कमी होईल म्हणून? की स्वतःच्या हातावर तुझा एवढा भरवसा होता?

छावणीत जे घडलं त्याबद्दल मी आज लिहीत नाही.

ललिता


सोमवार, २० फेब्रुवारी १९५६

सीताराम,

उत्तर नाही. बोट रोज येते, टपाल घेऊनच येते.

परवा, शनिवारी, चंपाबरोबर तुरुंगात जाऊन कुशाबाला भेटले. चंपाने डब्यात कुळथाची पिठी नेली होती, ती फाटकावरच ठेवून घेतली. दोन तास बाकावर बसलो. ती विचारत होती, "बाई, तेंका कधी सोडतले?" मी म्हटलं, वकील प्रयत्न करतायत. ती म्हणाली, "वकील तर चांगले आसत. पण हेच काय बोलनत नाय." मग थोड्या वेळाने, "तुमच्या भावाक म्हायत आसा ना सगळा? ते हवालदार ना?"

मी म्हटलं, "माहीत आहे."

"मग ते येतले," ती म्हणाली, आणि पदराने डबा नसलेल्या मांडीवरचं काहीतरी पुसत बसली. तिला शंका आली नाही. तुला ती अजून पलटणीतल्या हुद्द्याने हवालदार म्हणते.

कुशाबा जाळीपलीकडे आला तेव्हा डावा हात अंगाशी धरून होता. मी आधी विचारलं, "हात वर कर." त्याने खांद्यापर्यंत नेला. मी सांगितलेला व्यायाम तो करत नाही, म्हणे जागा नाही. मी म्हटलं, "भिंत आहे ना? भिंतीवर बोटं चालव." तो बरं म्हणाला. मग मी विचारलं, वकिलांना खरं का सांगत नाहीस?

"सांगितलं ना, बाई. नाव सांगितलं, नंबर सांगितला."

"कसला नंबर?"

"बिल्ला नंबर, गिरणीतला. हवालदारांनी शिकवलंय. शत्रूने धरलं तर नाव, हुद्दा, नंबर. चौथी गोष्ट नाय. मला हुद्दा नाय, मागावर असतो म्हणून मी 'साचेवाला' सांगितलं."

फौजदाराने त्याला त्यासाठी दोन कानाखाली वाजवल्या. त्याला वाटलं हा थट्टा करतोय. मला सांगताना कुशाबा जरा फुशारकीनेच सांगत होता. मी त्याला म्हटलं, "अरे, हेमचंद्र शत्रू नाहीत, ते तुझे वकील आहेत."

तो म्हणाला, "हवालदार म्हणायचे, गोड बोलणारा आधी येतो."

चंपा शेजारी होती म्हणून पुढचं तुलाच लिहिते. तू त्या माणसांना संगीन शिकवलीस, कुस्तीतले गळा दाबायचे डाव शिकवलेस, अंधारात चालायला शिकवलंस. त्यांतलं त्याला काहीही उपयोगी पडलं नाही. चाळीत झडती आली तेव्हा तो मुलीला कडेवर घेऊन उभा होता. तुझं एकच शिकवणं खरं उतरलं, ते म्हणजे गप्प राहणं, आणि ते तुझ्याच अंगावरचं पांघरूण झालं आहे.

घरी आल्यापासून या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे. दोनदा चहा टाकून विसरले. तुला दोन पत्रं लिहिली त्यांत मी एक गोष्ट टाळली. तू म्हणशील, मला ठाऊकच आहे. ठाऊक आहेच. पण तुझ्या कार्डावरून वाटतं की तू ती जमेला धरून बसला आहेस, म्हणून लिहिते.

शुक्रवार, २० जानेवारी, सकाळी दहा. फौजदार माझ्याकडे आला. कुशाबाच्या अंगावर टाके काढल्यानंतरची जी पट्टी होती ती त्याच्या हातात होती. इस्पितळातल्या कंपाउंडरने त्याला सांगितलं होतं की कडा आत मोडून अशी पट्टी इथे एकच बाई बांधायची. तू त्या वेळी माझ्या मोरीत उभा होतास. हातात पाण्याचा तांब्या होता आणि तो तू खाली ठेवत नव्हतास, आवाज होईल म्हणून.

"बाई, ही पट्टी तुमची?"

"पट्ट्या बाजारात मिळतात."

"कुशाबा तावडे म्हणून कोणी तुमच्याकडे आला होता?"

"मी निवृत्त आहे. माझ्याकडे कोणी येत नाही."

"ओळखता त्याला?"

"नाही."

त्याने ते वहीत लिहिलं आणि मला सही करायला दिली. मी वाचून पाहिलं, त्यातल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि सही केली. नन्सच्या शाळेत आम्हांला शिकवलं होतं की वाचल्याशिवाय सही करायची नाही. काय वाचून करायची नाही, ते शिकवायचं राहिलं असावं.

तो गेला. तू मोरीतून बाहेर आलास, म्हणालास, "आक्का, तू शेर आहेस." आणि दुपारची बोट गाठलीस.

मला तेव्हा वाटलं होतं की दोन दिवसांत कुशाबा सुटेल. खोटं कायमचं असतं हे मला माहीत हवं होतं. मी एकदा पाहिलेलं आहे.

ललिता


गुरुवार, २३ फेब्रुवारी १९५६

सीताराम,

काल हेमचंद्रांच्या कचेरीत गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. माझ्या मुलाच्या वयाचा माणूस आहे, मुलगा असता तर. ऐकताना त्यांनी लिहिणं थांबवलं.

"म्हणजे सतरा तारखेला साडेचारला तो तुमच्या घरी होता."

"हो."

"आणि वीस तारखेला तुम्ही सही करून दिलीत की त्याला ओळखत नाही."

"हो."

"ललिताबाई, सरकारी वकील पहिल्या मिनिटाला तो कागद तुमच्यासमोर धरतील. विचारतील, तेव्हा खोटं बोललात की आता? तुम्ही काहीही म्हणालात तरी न्यायाधीश एकच ऐकतील, की ही बाई खोटं बोलते."

मी म्हटलं, "ते खरंच आहे."

ते जरा हसले, मग त्यांना वाईट वाटलं. म्हणाले, "तुमच्या एकटीच्या साक्षीने तो सुटणार नाही. ज्याच्या हातात संगीन होती तो माणूस हवा. तो आणि तुम्ही दोघं एकच हकिकत सांगाल, आणि ती सांगण्यात दोघांचंही नुकसान असेल, तर विश्वास बसेल. स्वतःचं नुकसान करून घ्यायला कोणी खोटं बोलत नाही."

मी त्यांना तुझं नाव सांगितलं. पत्ताही दिला. हे तुझ्या पाठीमागे केलं असं वाटू नये म्हणून आजच कळवते.

माझं निवेदन मी काल रात्रीच्या जेवणाआधी लिहून पुरं केलं. साडेचार पानं. त्यात आठ तारीख आहे, सतरा आहे, वीस आहे. त्यात छावणीही आहे. हेमचंद्र म्हणाले, तिची गरज नाही, उलट त्याने तुमचीच बाजू पडेल. मी म्हटलं, गोणपाटाखाली संगीन बांधायची ही रीत तुझ्याशिवाय जगात कोणाची नाही, आणि ती तू तेरा वर्षांपूर्वीही वापरलीस, हे कागदावर नसेल तर माझी हकिकत कोणाला पटेल? एवढी विचित्र गोष्ट मनाने रचलेली वाटते.

म्हणून लिहिलं. त्रेचाळीसचा ऑगस्ट, अकरा तारीख, दुपारी दोन. आनंदा, सातारा जिल्ह्यातला, भरती होऊन चार महिने झालेला. ओटीपोटात संगीन. ती ज्याच्या हातात आली होती तो त्याच्याच गावचा होता, आणि तो तंबूबाहेर उकिडवा बसून माती उकरत होता. आनंदा माझ्यासमोर एक तास दहा मिनिटं जगला. त्याने मला विचारलं, "सिस्टर, माझी उघडी नव्हती ना? माझ्या हातनं कुणाला लागलं नाय ना?" मी सांगितलं, नाही. ते खरं होतं.

मग तू आलास. म्हणालास, चौकशी झाली तर हे शिकवणंच बंद होईल, मग ब्रह्मदेशात बाराच्या जागी बाराशे थबकतील. तू रडत होतास, हे मी निवेदनात लिहिलेलं नाही, इथे लिहिते. आणि मी केसपेपरवर लिहिलं: कुंपणाच्या खुंटावर पडून इजा. सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून.

जे तुला ठाऊक नाही ते आता लिहिते. दीड महिन्याने त्याचा बाप आला, ट्रंक न्यायला. तू त्या दिवशी रजेवर होतास. धोतर, घोंगडी, हातात टोपी. त्याने मला विचारलं, "बाई, पोरगा लढताना गेला का?" मी म्हटलं, नाही, पडला. खुंटावर पडला. त्याने टोपी घोंगडीवर झटकली. मग म्हणाला, "लहानपणापासनं धडपड्याच. गावात काय सांगू?" आणि माझ्याकडे बघून ओशाळला. मुलगा नीट मेला नाही म्हणून तो बाप माझ्यासमोर ओशाळला, सीताराम. मी त्याला ट्रंक बांधायला सुतळी दिली.

पुढे मी तुझ्याशी बोलणं सोडलं, लढाई संपली आणि छावणीतून घरी आलो त्या दिवसापासून. तुला वाटलं मी तुझ्यावर रागावले. तुझ्यावर होतेच. पण स्वतःच्या अक्षराचा एवढा तिटकारा असताना रोज तुझं तोंड बघणं मला जमलं नसतं. तेवढंच कारण होतं.

आता व्यवहाराचं. माझं निवेदन ५ मार्चला कोर्टात जाईल, तू आलास तरी आणि न आलास तरी. पोलिसांना खोटी माहिती दिल्याबद्दल माझ्यावर खटला होईल असं हेमचंद्र म्हणतात, आणि नर्सेसच्या यादीतून नाव जाईल. जाऊ दे. पण मी एकटी उभी राहिले तर माझं सगळं जाईल आणि कुशाबा तरीही सात वर्षं आत राहील. हा सौदा मला मान्य नाही, आणि तो होऊ न देणं फक्त तुझ्या हातात आहे.

काल संध्याकाळी चंपा आली होती. मुलीला ताप आहे म्हणून औषध विचारायला. जाताना दारात म्हणाली, "हवालदारांचा पत्र इला?"

मी म्हटलं, "येईल."

तिला मी असं का सांगितलं ते मला माहीत नाही. तुझ्या वतीने मी आणखी एकदा बोलले आहे.

हे पत्र तुला सोमवारी, फार तर मंगळवारी मिळेल. बुधवारच्या बोटीत तू असलास तर गुरुवारी हेमचंद्रांची कचेरी साडेदहाला उघडते. येणं शक्य नसेल तर गावच्या मामलेदारापुढे निवेदन लिहून सही कर आणि रजिस्टर टपालाने पाठव. त्यात पुढील गोष्टी असाव्यात: आठ जानेवारीची वेळ आणि जागा, संगीन कोणाची, लाठी कोणाच्या हातात, जखमी माणसाला कोणाकडे नेलं, सतरा तारखेला तू माझ्या घरी काय पाहिलंस. आणि ती लाठी उचलल्यावर तुला वजन कळलं होतं की नाही. हा शेवटचा प्रश्न कोर्टाचा नाही, माझा आहे. त्याचं उत्तर वेगळ्या कागदावर दे.

यायचं नसेल आणि लिहायचंही नसेल तर 'मी देणार नाही' एवढे तीन शब्द लिहून पाठव, म्हणजे मी ते चंपाला वाचून दाखवीन. गप्प राहणं मी उत्तर म्हणून स्वीकारणार नाही. ते काम सध्या कुशाबा करतो आहे आणि त्यासाठी त्याला कोठडी मिळाली आहे. तू अंगणात बसून फुकट करू नयेस.

तार चालणार नाही. तारेवर सही नसते.

उत्तर शनिवार, ३ मार्च १९५६, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. लेखी, तुझ्या अक्षरात, पूर्ण नावाने.

ललिता दळवी